दिसत नाही म्हणजे गेले असे नव्हे



आजकाल आपल्या घराघरांत तथागतांच्या व बाबासाहेबांच्या तसबिरीखाली जो लहानसा खण असतो, त्यात बोटभर लांबीची एक वस्तू हमखास सापडते. ती म्हणजे पेनड्राइव्ह. मुलांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, मुलीच्या मंगल परिणयाचे फोटो, विहारातील वर्षावासाच्या प्रवचनांचे ध्वनिमुद्रण, असे सगळे त्यात असते. पूर्वी हा मान पत्र्याच्या ट्रंकेचा होता. ट्रंकेतल्या कागदांना फार तर कसर लागे, नाहीतर पावसाचे पाणी जाई. पण झालेले नुकसान डोळ्यांना दिसे. पेनड्राइव्हचे दुखणे निराळे. तो हातात असतो, धडधाकट दिसतो, आणि संगणकाला लावावा तर आत काहीच नाही! मग घरात आरडाओरड होते, सगळ्यात धाकट्या मुलावर आरोप होतो, आणि शेवटी कोणीतरी शहाणा सांगतो, ‘फॉरमॅट मारा, नीट होईल.’

हा सल्ला ऐकून अनेकांनी आपल्या हाताने आपले कागद बुडवले आहेत. म्हणून या आठवड्यात आम्ही हाच विषय घेतला आहे. संगणकावरची फाईल दिसेनाशी होते त्याची कारणे प्रामुख्याने तीन. एक तर ती दडलेली असते. किंवा पुसली गेलेली असते. नाहीतर ज्यावर ती ठेवली ते साधनच बिघडलेले असते. तिन्ही दुखणी वरून सारखीच दिसतात, पण प्रत्येकाचे औषध वेगळे आहे, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर रोगी दगावतो. म्हणून औषधाआधी निदान हवे.

प्रथम हात आवरा

ज्यांनी कचेरीत नोकरी केली आहे त्यांना पुढची गोष्ट चटकन पटेल. अभिलेख कक्षात गठ्ठे फळ्यांवर असतात आणि त्यांची सूची एका वहीत असते. कोणता गठ्ठा कोणत्या फळीवर, हे वही सांगते. समजा, कोणी वहीतील एका प्रकरणाचे नाव खोडले आणि पुढे शेरा मारला, ‘ही फळी रिकामी’. प्रकरण कुठे गेले? कुठेच नाही. ते फळीवर जसेच्या तसे आहे, फक्त वहीत त्याचे नाव नाही. परंतु उद्या दुसरा कारकून नवा गठ्ठा घेऊन येईल, शेरा वाचेल, जुना गठ्ठा हलवील आणि त्या जागी नवा ठेवील. त्यानंतर मात्र ते प्रकरण परत मिळायचे नाही.

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, जुन्या पद्धतीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, या सर्वांचे काम बहुतांशी असेच चालते. आपण ‘डिलीट’ म्हटले की संगणक सूचीतील नोंद खोडतो आणि ती जागा मोकळी असल्याचे मांडून ठेवतो. मजकूर तेथेच राहतो. त्यावर नवे काही लिहिले गेले की मगच तो जातो. यावरून पहिला नियम निघतो तो असा: फाईल नाहीशी झाल्याचे लक्षात येताच त्या ड्राइव्हवर एकही नवी गोष्ट उतरवू नये. गाणे नको, फोटो नको, आणि हरवलेली फाईल शोधून देणारा प्रोग्रॅमसुद्धा त्याच ड्राइव्हवर नको. पेनड्राइव्ह रीतसर ‘इजेक्ट’ करून काढावा, बाजूला ठेवावा आणि शांतपणे विचार करावा. फाईल संगणकाच्याच डिस्कवरची असेल तर संगणक बंद करावा, कारण तो नुसता चालू असला तरी आपल्या कामासाठी डिस्कवर काही ना काही लिहीत असतो.

तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्पमादावर, म्हणजे सावधपणावर भर दिला. संगणकापुढे बसलेल्या माणसालाही दुसरे काही सांगायचे नाही.

दडलेली फाईल

आता निदान. पेनड्राइव्ह लावल्यावर ‘धिस पीसी’ मध्ये त्याचे चित्र दिसते. त्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे वापरलेली जागा आणि मोकळी जागा असे दोन आकडे असतात. ड्राइव्ह उघडल्यावर रिकामा दिसतो, पण वापरलेली जागा तीन-चार जीबी दाखवते, असे असेल तर सुस्कारा टाकायला हरकत नाही. फाईल पुसलेली नाही. ती बहुधा दडवून ठेवलेली आहे.

संगणकात प्रत्येक फाईलला काही खुणा लावता येतात. ‘हिडन’ म्हणजे दडलेली, ‘सिस्टिम’ म्हणजे यंत्रणेची, ‘रीड ओन्ली’ म्हणजे फक्त वाचण्यापुरती. पहिली खूण लागली की फाईल नेहमीच्या यादीत दिसत नाही. विंडोज ११ मध्ये फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, त्यात ‘हिडन आयटम्स’ असे निवडले की दडलेल्या फाईली फिक्या रंगात दिसू लागतात. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ या पट्टीवरच ‘हिडन आयटम्स’ची चौकट आहे. तरीही काही दिसले नाही तर ‘ऑप्शन्स’ मध्ये जाऊन ‘व्ह्यू’ या पानावरील ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ या ओळीसमोरची खूण काढावी. कारण ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ या दोन्ही खुणा एकदम लागलेल्या असतील तर पहिल्या उपायाने पडदा उठत नाही.

या खुणा लावतो कोण? बहुतेक वेळा एक विषाणू. झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत, कॉलेजच्या संगणक कक्षात एकाच यंत्राला दिवसभरात शंभर पेनड्राइव्ह लागतात. तेथून हा प्रसाद मिळतो. तो आपले सगळे फोल्डर दडवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे ‘शॉर्टकट’ मांडतो. चित्राच्या कोपऱ्यात लहानसा बाण असला आणि आकार एक-दोन केबी इतकाच असला की समजावे, हा फोल्डर नव्हे, हा सोंगाड्या आहे. त्यावर क्लिक केले की विषाणू कामाला लागतो आणि आपल्या संगणकातही शिरतो. कधी कधी तो सगळ्या फाईली एका नाव नसलेल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतो. नाव म्हणून त्याने कोरी जागा दिलेली असते, त्यामुळे तो फोल्डर नजरेतून सुटतो. असा बिननावाचा फोल्डर दिसला तर भिऊ नये, उघडून पाहावा. आपला ऐवज बहुधा तेथेच असतो.

खुणा कायमच्या काढायच्या तर एक आज्ञा आहे. ‘स्टार्ट’ मध्ये सी-एम-डी ही अक्षरे टाइप करून काळी खिडकी उघडावी. तेथे इंग्रजीत ए-टी-टी-आर-आय-बी ही सहा अक्षरे लिहावी. मग प्रत्येक वेळी एक जागा सोडून उणे एच, उणे आर, उणे एस, तिरकी रेघ एस, तिरकी रेघ डी असे लिहावे. शेवटी पुन्हा एक जागा सोडून ड्राइव्हचे अक्षर, त्याला लागून कोलन, उलटी तिरकी रेघ, तारा, टिंब, तारा असे लिहून ‘एंटर’ दाबावे. एच, आर आणि एस या अनुक्रमे दडलेली, फक्त वाचण्यापुरती आणि यंत्रणेची या तीन खुणा. उणे म्हणजे ती खूण काढ. दोन तिरक्या रेघांचा अर्थ आतल्या सर्व फाईली व फोल्डर यांनाही लागू कर. ड्राइव्हचे अक्षर नीट पाहून लिहावे. संगणकाच्या स्वतःच्या सी ड्राइव्हवर ही आज्ञा चुकूनही देऊ नये, कारण विंडोजच्या काही फाईली मुद्दाम दडवलेल्या असतात आणि त्या तशाच राहिलेल्या बऱ्या.

फाईली दिसू लागल्यावर आधी त्या विषाणूमुक्त संगणकावर उतरवून घ्याव्या, मग शॉर्टकट पुसावे, आणि पेनड्राइव्ह व संगणक दोन्ही विषाणूविरोधी प्रोग्रॅमने तपासावे. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ मुळातच असतो. संगणक न तपासता नुसता पेनड्राइव्ह साफ केला तर दुसऱ्या दिवशी तेच रडगाणे.

यावरून आठवलेले एक प्रकरण सांगतो. आमच्या वस्तीतील एका मुलीला बारावीनंतर अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचा अर्ज भरायचा होता. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा किती मोलाचा, हे आपल्या समाजाला सांगायला नको. तिच्या पणजोबांच्या नावाचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घरात होता. मूळ कागद घडीवर फाटून तुकडे झाला होता आणि त्याचे स्कॅन पेनड्राइव्हमध्ये. अर्जाला चार दिवस उरले असताना तो पेनड्राइव्ह रिकामा निघाला. दुकानदाराने फॉरमॅटचा सल्ला दिला आणि बापाने मानही डोलावली. मुलीने मात्र पेनड्राइव्ह हातातून सोडला नाही. ती म्हणाली, ‘पप्पा, यात तीन जीबी जागा वापरलेली दिसते आहे. काहीच नसेल तर जागा कशाने भरली?’ तिच्या या एका प्रश्नाने काम झाले. संध्याकाळी उतारा सापडला. त्यावरील नोंद क्रमांक व तारीख पाहून शाळेकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता आला. त्या वेळी फॉरमॅट मारले असते तर पणजोबा शाळेत गेले होते याचा त्या घरातील एकमेव पुरावा दुकानाच्या टेबलावर संपला असता. निरक्षर ठेवलेल्या पिढ्यांतून कोणी एक शाळेच्या पायरीपर्यंत पोचला, त्या पायरीची ती नोंद होती.

पुसलेली फाईल

‘प्रॉपर्टीज’ मध्ये वापरलेली जागा जवळजवळ शून्य दिसत असेल, तर फाईल पुसली गेली आहे किंवा ड्राइव्ह फॉरमॅट झाला आहे. संगणकाच्या डिस्कवरून पुसलेली फाईल प्रथम ‘रिसायकल बिन’ मध्ये शोधावी. तेथे ती असेल तर उजवे बटण दाबून ‘रिस्टोअर’ म्हणावे, काम झाले. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल मात्र सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती सरळ सूचीतून खोडली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाईल ३० दिवस राहते, नंतर आपोआप जाते. तेव्हा तेथेही लवकर पाहावे.

कचरापेटीत काही नसेल तर सूची बाजूला ठेवून फळ्याच तपासणारे प्रोग्रॅम वापरावे लागतात. ‘रेकुव्हा’ हा त्यांतला सोपा. तो विनामूल्य मिळतो. ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ ही जोडी क्रिस्तॉफ ग्रनिए या फ्रेंच गृहस्थांनी तयार केली आणि सर्वांसाठी खुली ठेवली. मायक्रोसॉफ्टनेही २०२० साली ‘विंडोज फाईल रिकव्हरी’ नावाचे साधन दिले, पण ते आज्ञा लिहून चालवावे लागते. फोटोरेकची रीत ऐकण्यासारखी आहे. तो सूचीकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाईलची सुरुवात ठराविक खुणेने होते. जेपीजी फोटोची एक, पीडीएफची दुसरी. फोटोरेक डिस्कचा कण न् कण वाचत जातो आणि खूण सापडली की तेथून फाईल उचलतो. त्यामुळे फाईल मिळते, पण तिचे नाव मिळत नाही. हजार फोटो सापडतात आणि प्रत्येकाच्या कपाळी नुसता आकडा. मग ते ओळखत बसावे लागते. तरी ‘नाही’पेक्षा हे बरे.

कोणताही प्रोग्रॅम वापरा, तो दुसऱ्या डिस्कवर बसवा आणि सापडलेल्या फाईलीही दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. ज्या फळीवरून गठ्ठा शोधतो आहोत त्याच फळीवर सापडलेले कागद रचत गेलो, तर उरलेले आपणच गाडून टाकू.

फॉरमॅटचेही दोन प्रकार आहेत. ‘क्विक फॉरमॅट’ केवळ नवी कोरी सूची मांडते. मजकूर पुष्कळदा परत मिळतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या जागेवर शून्ये लिहिते. त्यानंतर हाती काही लागत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये फिरती तबकडी नसते, एसएसडी असते. तिच्यात ‘ट्रिम’ नावाची सोय असते. फाईल पुसताच ती जागा आतून साफ करण्याची सूचना जाते. म्हणून एसएसडीवरून पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा फार थोडी. नवे यंत्र वेगवान आहे, पण त्याची क्षमा करण्याची वृत्ती कमी आहे, हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या एका गावातील मंडळाचे उदाहरण आम्हास ठाऊक आहे. तेथील तरुणांनी वस्तीतल्या वृद्ध स्त्रियांकडून बाबासाहेबांवरील जात्याच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. सचिवाच्या लॅपटॉपवर सगळे होते, दुसरी प्रत नव्हती. लॅपटॉप हळू चालतो म्हणून दुरुस्तीला दिला. दुकानदाराने आत काय आहे हे विचारले नाही, मंडळाने सांगितले नाही. त्याने डिस्क फॉरमॅट करून नवे विंडोज घातले, वर आणखी कितीतरी प्रोग्रॅम भरले. नंतर शोधाशोध केली तेव्हा काही ओव्या पूर्ण मिळाल्या, काही मध्येच तुटल्या, पुष्कळशा गेल्या. ज्या आजीने सर्वांत जास्त ओव्या सांगितल्या होत्या, ती त्याआधीच निवर्तली होती. तिच्या तुटलेल्या ओव्यांपैकी एकीत दुसरी ओळ सुरू होते आणि आवाज थांबतो. ती ओळ आता कोणालाच ठाऊक नाही. असे नुकसान कोणत्याही दुकानात भरून मिळत नाही.

साधनच बिघडले तर

ड्राइव्ह लावल्यावर संगणक म्हणतो, ‘हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे.’ येथे ‘कॅन्सल’ दाबावे. हा संदेश म्हणजे मजकूर संपल्याचा दाखला नव्हे. सूची वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या खाचेत लावून पाहावे. मजकूर मोलाचा असेल तर जाणकाराकडून आधी संपूर्ण ड्राइव्हची जशीच्या तशी प्रतिमा काढून घ्यावी आणि सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करावे. ‘चेकडिस्क’ हा विंडोजचा दुरुस्तीचा प्रोग्रॅम सूची दुरुस्त करतो, त्या नादात अर्धवट तुकडे वेगळ्या फोल्डरात टाकतो. म्हणून प्रत काढण्याआधी त्याला हात लावू देऊ नये.

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर ती लगेच बंद करावी. तबकडीवर सुईसारखे वाचक टोक घासते आहे, अशी शक्यता असते आणि प्रत्येक मिनिटाला मजकूर खरवडला जातो. ती घरी उघडू नये, फ्रिजमध्ये ठेवण्याचे उपायही करू नयेत. हे काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे आहे आणि ते महाग असते.

आणखी एक नवी गोष्ट. अलीकडच्या अनेक लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. तिला ४८ अंकी किल्ली असते आणि ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. लॅपटॉप बिघडला आणि डिस्क दुसरीकडे लावली की ती किल्ली मागते. तेव्हा किल्ली आजच खात्यातून पाहून कागदावर लिहून ठेवावी. खात्याचा ईमेल आणि पासवर्ड घरात फक्त एकाच्या डोक्यात असू नये. कर्ता पुरुष गेला आणि त्याच्याबरोबर घराचे दप्तर कुलूपबंद झाले, असे व्हायला नको. पत्नीला, मुलीला सर्व ठाऊक असावे.

दुकानात यंत्र देताना तीन गोष्टी बोलून घ्याव्या, शक्य तर पावतीवर लिहून घ्याव्या. आमच्या परवानगीवाचून फॉरमॅट करायचे नाही. काही मिळाले नाही तर किती पैसे लागतील. आणि मिळालेल्या फाईलींची प्रत दुकानात ठेवायची नाही. घरातील स्त्रियांचे फोटो, आधार कार्ड, बँकेचे कागद त्यात असतात. होईल तेवढे आपल्यासमोर करून घ्यावे.

सापडली, पण वाचता येईना

आपल्या चळवळीतील मंडळींना आणखी एक अनुभव येतो. १९९० च्या दशकातील किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतील फाईल सापडते, उघडते, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. लोक समजतात, फाईल सडली. ती सडलेली नसते. त्या काळी श्री-लिपी, आकृती असे फॉन्ट वापरून टंकलेखन होई. त्यांत प्रत्येक मराठी अक्षर आतून इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असे. तो फॉन्ट संगणकात नसेल तर आतली जागा तेवढी दिसते. तोच फॉन्ट बसवला की मजकूर जसाच्या तसा उभा राहतो. मग त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून ठेवावे, म्हणजे पुढे कोणत्याही यंत्रावर वाचता येईल. जयंतीच्या जुन्या स्मरणिका, परिषदांचे ठराव, गावोगावच्या विहारांचे इतिहास अशा फाईलींत पडून आहेत. कोणी त्या ‘खराब’ समजून पुसू नयेत.

पेट्यांतला ठेवा

संगणकाच्या या खटाटोपाला साप्ताहिकाच्या पानावर एवढी जागा का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्यांची कितीतरी हस्तलिखिते दिल्लीत पेट्यांमध्ये बंद, न्यायालयीन ताब्यात, वर्षानुवर्षे पडून होती. समाजाच्या दृष्टीने ती ‘दिसत नव्हती’. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमली, वसंत मून यांनी संपादनाचे काम अंगावर घेतले, आणि १९७९ साली ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापून लोकांच्या हाती पडले ते १९८७ साली, लेखकाच्या पश्चात तीस वर्षे उलटून गेल्यावर. काही ग्रंथांची प्रकरणे मात्र शेवटपर्यंत मिळाली नाहीत. तेथे संपादकांना जेवढे सापडले तेवढेच छापावे लागले.

या घटनेतून दोन्ही धडे मिळतात. दडलेले ते गेलेले नव्हे, म्हणून शोध सोडू नये. आणि उशीर झाला, प्रत नसली, तर शोधूनही सगळे परत येत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराला शिवू दिले नाही, त्याच्याजवळ मुळात कागद थोडे. इतरांच्या घरी सात पिढ्यांचे दप्तर असते, आपल्या घरी पणजोबांच्या नावाचा एक उतारा असतो. त्यांचा एक कागद हरवला तर शंभरातला एक जातो. आपला एक गेला की आपल्या घराण्याची लेखी नोंदच जाते. म्हणून आपली सावधगिरी इतरांहून अधिक हवी.

ती सावधगिरी फार खर्चाची नाही. प्रत्येक महत्त्वाच्या फाईलच्या तीन प्रती असाव्या. त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, एक हार्ड डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर किंवा इंटरनेटवरील साठ्यात. एक प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी असावी, म्हणजे पूर, आग, चोरी यांत सगळे एकदम जाणार नाही. केंद्र सरकारच्या डिजिलॉकरमध्ये २०१५ पासून अनेक दाखले ठेवण्याची सोय आहे, तीही वापरावी. पेनड्राइव्ह ही कायमची तिजोरी नव्हे. त्यातील नोंद विद्युतभाराच्या रूपात असते आणि कित्येक वर्षे नुसता पडून राहिल्यास तो भार क्षीण होऊ शकतो. फाईलीला ‘स्कॅन एक’, ‘स्कॅन दोन’ अशी नावे देऊ नयेत. साल, व्यक्ती आणि कागदाचा प्रकार नावातच लिहावा, म्हणजे दहा वर्षांनी नातवालाही सापडेल. मंडळाचा सचिव बदलला की पावतीपुस्तकाबरोबर पेनड्राइव्ह, पासवर्ड आणि फाईलींची यादीही नव्या सचिवाच्या स्वाधीन करून दोघांच्या सह्या घ्याव्या.

१४ एप्रिलपूर्वी आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी आपण घर स्वच्छ करतो, तसबिरी पुसतो. त्याच दिवशी तसबिरीखालचा तो खण उघडावा, पेनड्राइव्ह संगणकाला लावावा आणि त्यातील प्रत्येक कागद उघडतो की नाही हे मुलांकडून तपासून घ्यावे. अर्धा तास पुरतो. मुलांनाही त्यानिमित्ताने पणजोबांचे नाव वाचायला मिळेल.

जयभीम!